अम्मांची ओढणी आणि आमचं तरट

सत्तावीस वर्षं मी शाळेत मुलींना शिवण शिकवलं. काजं, तुरपाई, झबली, परकर, सगळं. पण आज अमरावतीत कुणाला माझं घर विचारलं तर उत्तर मिळतं, "त्या का? त्या पायपुसणंवाल्या बाई." ऐकलं की अंगाचा तिळपापड होतो. पायपुसण्याला पाय पुसतात. आम्ही करायचो तो गालिचा. हा फरक मी नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, बँकेतल्या साहेबांना आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत व्याह्यांना समजावून सांगितला. सगळ्यांनी मान हलवली आणि पुढच्या भेटीत विचारलं, "काय म्हणतात तुमची पायपुसणी?"

तर एकदा शेवटचं सांगते. पोत्याचं कापड, म्हणजे तरट, चौकटीवर ताणून बसवायचं. आमच्या चौकटी म्हणजे लोकांनी टाकून दिलेल्या खाटा. जुने सुती कपडे अर्ध्या बोटाच्या रुंदीच्या पट्ट्यांत फाडायचे. पट्टी डाव्या हातात, तरटाच्या खाली. उजव्या हातात आकडी. ही सायकलच्या चाकाच्या तारेची, टोक वाकवून, घासून, लाकडाच्या मुठीत बसवलेली. तरटातून आकडी खाली घालायची, पट्टी पकडायची, एवढासा फास वर ओढायचा. त्याला लागून दुसरा, त्याला लागून तिसरा. गाठ नाही, टाका नाही. हे फास एकमेकांना दाटीनेच धरून ठेवतात, तिघांच्या बाकावर पाच जण बसले की एसटी कितीही आदळली तरी कुणी पडत नाही तसे. शेवटी मागून चिंचोक्याची खळ आणि अस्तर. दोन हात रुंद, पाच हात लांब गालिच्याला तीन बायकांना दोन महिने लागतात. आता म्हणा पायपुसणं.

मी निवृत्त झाले ती वऱ्हाडाची वाईट वर्षं होती. वर्तमानपत्र उघडायची भीती वाटायची. आणि उठसूट जो तो मदत करायला वऱ्हाडात यायचा. कुणी शेळ्या वाटल्या, कुणी शिलाई यंत्रं वाटली, कुणी मेणबत्त्या शिकवून गेला. अशाच एका संस्थेला कुणीतरी माझं नाव सुचवलं आणि राजापेठेच्या मागे एका खोलीत सहा बायका माझ्यासमोर आणून बसवल्या. त्यांतली नर्मदा वरूडची. संत्र्यांची प्रतवारी करण्यात तिची हयात गेलेली. फळ हातात घेतलं की न बघता सांगायची, हे कोणत्या पेटीत जाईल. विहिरी आटल्या, बागा वाळल्या, झाडं तोडून सरपण झाली, तेव्हा ती भावाकडे अमरावतीला आली. तिच्या बोटांना जेवढं कळायचं तेवढं माझ्या चष्म्यालाही कळत नसे. तोंड मात्र विळ्यासारखं.

आमच्या कामापेक्षा त्या कामाच्या पाहण्याच जास्त. पथकं यायची. गाड्यांतून उतरायची, पाण्याच्या बाटल्या उघडायची आणि बायकांना विचारायची, "तुम्हाला आता कसं वाटतंय?" एकदा नर्मदाने त्यांच्यासमोरच मला विचारलं, "बाई, मले कसं वाटून राह्यलं हे इचाराले हे लोक एवढ्या दूरून आले? मंग यायले चहा तरी पाजा." पथकातल्या एका मॅडमनी तेही लिहून घेतलं.

गिऱ्हाइकंही एकेक नमुना. एक सूनबाई सासूचं इरकली लुगडं घेऊन आल्या. म्हणाल्या, "याचं दारात टाकायचं करा, पाय पुसायचं." मी म्हटलं, "सासूबाई गेल्या का?" तर म्हणाल्या, "नाही ना, गावाला गेल्यात." लुगडं परत दिलं. एका निवृत्त अधिकाऱ्यांना त्यांच्या बदल्या झालेली सगळी गावं गालिच्यावर हवी होती, धारणी मात्र वगळून, कारण तिथे त्यांना शिक्षा म्हणून पाठवलं होतं. आणि घराण्याचा गालिचा करून घेणाऱ्यांची अडचण निराळीच. हौसेने आजोबांचं धोतर, आजीचं लुगडं आणून द्यायचे. गालिचा तयार होऊन घरी गेला की कुणाची पाय ठेवायची छाती होत नसे. पूर्वजांवर पाय कसा द्यायचा? वाकून हात लावायचे, कपाळाला न्यायचे आणि गुंडाळून माळ्यावर टाकायचे. दोन महिने तीन बायकांनी राबायचं आणि शेवटी भोगणार कोण, तर उंदीर.

म्हणून अकोल्याहून परमभाई आले तेव्हा मी आधीच वैतागलेली होते. परमभाईंचं अकोल्यात कापडाचं दुकान. सिंधी कुटुंब. फाळणीत सिंध सोडून आलेलं. त्यांची मुलगी रिया अमेरिकेत राहते. तिने तिकडे असे आकडीचे गालिचे पाहिले होते. घराणं कुठून आलं, कसं आलं, ते चित्रांत मांडलेलं. तिला आजीचा तसा गालिचा करून हवा होता. आजीसाठी, आजीच्या डोळ्यांसमोर. कारण अम्मांचे, म्हणजे परमभाईंच्या आईचे, डोळे चालले होते. काचबिंदू. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की जे दाखवायचं ते लवकर दाखवा.

मी अकोल्याला गेले. सिंधी घरात पाहुण्याला आधी पापड आणि पाणी देतात. पापड मोडतच होते तेवढ्यात अम्मा भिंतीला हात लावत आल्या. पांढरी सलवार, डोक्यावर दुपट्टा, आणि भाषा अशी की मीच बघत राहिले. साठ वर्षं अकोल्याच्या बाजारात गेल्यावर सिंध्याचाही वऱ्हाडी होतो.

मी नमुन्याचा एक तुकडा नेला होता. तो त्यांनी हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि लगेच पालथा केला. "सुलट बाजू सारेच दाखवतेत," म्हणाल्या. "उलटी पाहू दे." मग बोट फिरवून म्हणाल्या, "हात साफ हाय तुया बायकांचा."

मला बरं वाटलं. भरतकाम जाणणारी बाई उलटी बाजू बघते. विचारलं तेव्हा कळलं की लहानपणी आईच्या हाताखाली त्यांनी भरतकाम केलं होतं, लग्नाच्या कपड्यांचं.

चित्रं ठरली. पहिलं सिंधमधलं घर, छपरावर वारा पकडायचं धुराड्यासारखं तोंड असलेलं. तिकडे प्रत्येक घरावर असायचं म्हणे. मग कराचीहून निघालेलं जहाज. मग कॅम्पातले तंबू. मग अकोल्याचं दुकान. आणि शेवटी विमान, रियाचं. विमानाला अम्मांचा विरोध. "पोरगी तं फिरून येईल ना? मंग कशाले काढता?" परमभाई पोरीच्या बाजूने. एक दुपार विमानावर गेली.

दुसरी दुपार अक्षरांवर. अम्मांना प्रत्येक चित्राखाली गावाचं नाव सिंधीत हवं होतं, त्यांच्या लिपीत, उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे जाते त्या. परमभाई म्हणाले, "अम्मा, वो पढ़ेगा कौन? मुझे नहीं आता. देवनागरी में लिखवाते हैं." रियाने फोनवरून सांगितलं की इंग्रजीत लिहा, माझ्या मुलांना दुसरं काही वाचता येणार नाही. तीन पिढ्या, तीन लिप्या. एक दुसरीचं वाचू शकत नाही आणि एकही माघार घेत नाही. मी दोन्ही हात जोडले आणि म्हटलं, "अक्षरच नको. चित्रं सगळ्यांना वाचता येतात." सगळे नाराज झाले, म्हणजे न्याय झाला. हा न्याय पुढे मलाच भोवणार होता.

मग अम्मांनी पेटीतून एक बोचकं काढलं. त्यात एक ओढणी. अजरखी छापाची, निळी आणि तांबडी, धुऊन धुऊन साय झालेली. त्यांच्या आईची. निघताना आईने दारात उभं राहून स्वतःच्या डोक्यावरून काढून यांच्या डोक्यावर घातली. म्हणाली, तुम्ही पोरं पुढे व्हा, आम्ही मागून येतो. आई मागून आली नाही. तिकडून आणलेली हीच एक वस्तू उरली होती.

"ही काप," अम्मा म्हणाल्या.

मी म्हटलं, "अम्मा, ही राहू द्या. मी रंगाला रंग जुळवून दुसरं कापड घालते. कुणाला कळणार नाही."

"मले कळंल ना." त्यांनी ओढणी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "मी गेल्यावर हे लोक हिले पेटीत ठेवतीन. रोज नमस्कार करतीन, पर उघडून पाहणार नाहीत. एक दिवस कसर खाऊन जाईल. त्यापरीस माया डोळ्यांदेखत चित्रातल्या घराच्या दरवाज्यात लाव. माय दरवाज्यातच उभी होती."

सत्तावीस वर्षं कापड कापलं मी. त्या दिवशी कात्री चालेना. शेवटी अम्मांनीच कडेला दाताने चीर दिली आणि ओढणी टरकन फाडली. परमभाई उठून दुकानात निघून गेले.

आता माझी चूक सांगते. आजवर चारचौघांत सांगितलेली नाही.

चित्र तरटावर उतरवायचं तर आधी खाका करतात. पातळ कागदावर चित्र काढायचं, रेघेरेघेवर सुईने भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने फिरवायची. भोकांतून ठिपके उतरतात. लहान पोरीलाही जमेल. फक्त एक पथ्य. कागद पालथा पडू द्यायचा नाही, कारण भोकं दोन्हीकडून सारखीच दिसतात. अक्षरं असली की उलटं पडलेलं लगेच कळतं. आमच्याकडे अक्षरं नव्हती.

मी खाका पसरत होते तेवढ्यात बाहेर गाड्या थांबल्या. पथक! आधी कळवलेलंही नव्हतं. आले ते थेट चौकटीपाशी. एकाने कागद उचलून उजेडाला धरला, दुसऱ्याने त्यातून माझा फोटो काढला, तिसऱ्याने बायकांना विचारलं की कसं वाटतंय. मी चहा केला, आकडे सांगितले, सह्या केल्या. ते गेले तेव्हा माझं डोकं भणभणत होतं. कागद तरटावर पडलेला होता. मी सरळ केला, टाचण्या लावल्या आणि निळीचा बोळा फिरवला. डावं उजवं पाहिलंच नाही. पोरींना ज्या चुकीसाठी हातावर पट्टी दिली असती, ती चूक मी साठाव्या वर्षी केली.

लांब गालिचा चौकटीवर गुंडाळत गुंडाळत करतात. समोर हातभर भाग, बाकी दोन्हीकडे दांड्यांवर. त्यामुळे पूर्ण चित्र कुणालाच दिसत नाही. मधल्या काळात मला खोलीच्या परवानगीसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. घराचं दार नर्मदाने केलं. ओढणीच्या पट्ट्या इतक्या जुन्या की आकडीने ओढताना तुटायच्या. ती प्रत्येक पट्टी तोंडाच्या वाफेने ओली करायची आणि मग ओढायची. त्या चार दिवसांत ती कुणाशी भांडली नाही.

गालिचा चौकटीवरून उतरवून जमिनीवर पसरला. आम्ही सातही जणी भोवती उभ्या. सुंदर झाला होता. विमान थोडं माशासारखं दिसत होतं, पण त्याला इलाज नव्हता. मी अस्तर मोजायला वाकले आणि नर्मदा म्हणाली, "बाई, हे लोक परत काहून चालले?"

"कुठे परत?"

"हे पाहा ना. विमानातून उतरले, दुकान केलं, तंबूत राह्यले, जहाजात बसले अन् घरी गेले."

मी कपाटातून खाका काढला. कागदावर घर डावीकडे. गालिच्यावर उजवीकडे. ज्या बाईचे डोळे महिन्या-दोन महिन्यांचे सोबती, तिची आयुष्याची वाट मी उलटी मांडली होती.

उसवू म्हटलं. आकडीचं उसवणं सोपं असतं, फास ओढला की निघतो. दाराचा पहिला फास ओढला आणि ओढणीची पट्टी हातात भुकटी होऊन आली. नर्मदाने माझा हात धरला. "राहू द्या बाई. तिची माय दुसऱ्यांदा मरंल." ती असं बोलली आणि मी तिथेच खाली बसले. मला रडू आलं. बायकांसमोर, आणि ते काही मोठ्या दुःखाने नव्हे, स्वतःच्या रागाने.

अकोल्याच्या बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. खरं सांगायचं की चित्रकारावर ढकलायचं? चित्रकार मीच होते. नर्मदा शेजारी गालिच्याचं गुंडाळं मांडीवर घेऊन बसली होती. तिला मी बजावलं होतं की तू काही बोलू नकोस. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत ती गप्प राहिली, म्हणजे तिलाही भीती वाटत होती.

परमभाईंनी बैठकीत गालिचा पसरला आणि त्यांना अर्ध्या मिनिटात कळलं. कापडाचा व्यापारी, डिझाइन कसं वाचायचं ते त्याला शिकवायला नको. मान्य केलेल्या चित्राची प्रतही त्यांच्याकडे होती. "बाई, ये क्या किया? ये तो उल्टा है. हम तो वापस जा रहे हैं!" फोनवर रिया विचारत होती की काय झालं, काय झालं. मी गालिच्याची कड उगीच सरळ करत राहिले.

तेवढ्यात अम्मा आल्या. खाली बसल्या. या दोन महिन्यांत नजर आणखी उतरली होती. त्या गालिच्याच्या अगदी जवळ वाकल्या आणि हात फिरवू लागल्या. विमानावरून, दुकानावरून, तंबूंवरून, जहाजावरून हात सरकत गेला आणि उजव्या टोकाला दारावर थांबला. दाराशी बोटं बराच वेळ राहिली.

मग त्या मुलाला म्हणाल्या, "उल्टा कायचा? आपलं वाचणं उजवीकडूनच सुरू होते. तू शिकला नाही तं बाईचा काय दोष? हे पाह्य. पह्यलं घर. मंग जहाज. मंग तंबू. मंग दुकान. मंग तुही पोरगी. बराबर हाय ना?" आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "अक्षरं नाही घेतली, पर या बाईनं आपली लिपी ध्यानात ठेवली."

परमभाईंनी प्रत बाजूला ठेवली. त्यांचे डोळे भरले. रियाला फोनवर हे सगळं सांगताना ते माझी तारीफ करत होते की एवढा विचार आमच्या घरच्यांनीही केला नसता. नर्मदा माझ्याकडे बघत होती. मी खाली मान घातली. लोकांना तो विनय वाटला. सरळ सांगायचं तर मी ती खोटी शाबासकी घेतली. पुढे ती बऱ्याच जणांनी बऱ्याच वेळा दिली, संस्थेच्या अहवालातही छापून आली, आणि मी ती दर वेळी घेतली.

निघताना अम्मांनी हाताला धरून मला त्यांच्या खोलीत नेलं. दार लोटलं.

"खाका पलटला ना वं?"

मी हो म्हटलं. पथकाचं सांगितलं, रॉकेलचं, निळीचं, सगळं. माफी मागितली.

त्या हसल्या. "मी बी एकदा पलटवला होता. नवरीच्या चोळीवर. समोरासमोरचे दोन मोर पाठीले पाठ लावून बसले. मायनं मले असं हाणलं!"

"मग तुम्ही बाहेर तसं का सांगितलंत? तुम्हाला राग नाही आला?"

"थे पोराईसाठी सांगतलं. त्यायले पुढंच जाचं हाय, त्यायनं उजवीकडून वाचावं." त्यांनी माझा हात थोपटला. "माया पलंगापाशी खाली टाकाले सांग. भिंतीवर नको. सकाळी उठलं का मी डावीकडून चालाले लागीन. दुकान, तंबू, जहाज... चार पावलांत मायच्या दरवाज्यात."